सैतानाला मारला का नाही

कोंडीबा सरगर माझ्या शेजारच्या खाटेवर आला तेव्हा त्याच्याबरोबर दोन बातम्या आल्या. पहिली, त्याला ट्रॅक्टरनं उडवलं. ही त्यानं स्वतःच सांगितली, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात. दुसरी त्याच्या सुनेनं, राणीनं, त्याला एक्स-रेला नेल्यावर हळूच सांगितली. ट्रॅक्टर वगैरे काही नाही, कळपातल्या थोरल्या मेंढ्यानं मागून धडक दिली आणि मामा बांधावरून ओढ्यात पडले.

मी कुंडलचा. तिथं तीस वर्षं पोरांना चित्रकला शिकवली आणि निवृत्त झाल्यावर तिसऱ्याच महिन्यात स्कूटरवरून पडून घोटा दोन ठिकाणी मोडून घेतला. सूज उतरल्याशिवाय ऑपरेशन होत नाही, म्हणून मिरजेच्या दवाखान्यात पाय उशीवर ठेवून पडलो होतो. कोंडीबाची मांडी मोडली होती. त्याला अडवलं होतं साखरेनं. अशी काही गोष्ट आपल्या रक्तात असते हे त्याला सहासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं, आणि ती खाली येईपर्यंत पायाला वजन टांगून त्याला उताणं ठेवलं होतं. हा माणूस जन्मात कधी चार दिवस एका जागी थांबलेला नाही. जत तालुक्यात पूर्वेला त्याची वाडी. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचं, ऊस तुटलेल्या रानात बसवायची, पाऊस जवळ आला की परत. पोरानं, तानाजीनं, आता डाळिंब लावलं होतं, पण म्हाताऱ्यानं साठ मेंढरं सोडली नव्हती. छताकडं बघत पडून राहायचं म्हणजे काय करायचं, हे तो नर्सबाईंना रोज विचारायचा.

दुपारी चार वाजता वॉर्डात पाळकसाहेब यायचे. नाव सुमंत आवळे. चर्चमधून निवृत्त झाले होते, पण दवाखान्यातली फेरी त्यांनी चालू ठेवली होती. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, पायात सँडल. प्रत्येक खाटेशी थांबून, प्रार्थना केली तर चालेल का, असं विचारायचे. नको म्हटलं तर वाईट वाटून न घेता क्रिकेटवर बोलायचे. मी देव मानत नाही. त्यामुळं आमचं क्रिकेटवर फार छान जमलं होतं.

कोंडीबाशी त्यांनी ओळख करून दिली ती 'मी पाळक' अशी. कोंडीबानं लगेच विचारलं, किती हायती. पाळकसाहेब म्हणाले, आता मी निवृत्त आहे, पण माझ्या काळात दोनशे दहा होते. कोंडीबाला हा आकडा पटण्यासारखा होता. राखायला गडी ठेवला होता का, आणि पावसाळ्यात खुराचा रोग यायचा का, असं त्यानं पुढं विचारलं. मी पांघरूण तोंडावर ओढून हसत होतो. पाळकसाहेबांना उलगडा झाला तेव्हा तेही हसले आणि खुर्ची ओढून बसले. आमच्यात माणसांनाच मेंढरं म्हणतात, त्यांनी समजावलं. मी नुसता हाताखालचा. खरा मेंढपाळ वर आहे.

कोंडीबा म्हणाला, ठीक हाय, पण तो मेंढरं कशासाठी पाळतो? लोकरीसाठी का बाजारासाठी? कारण हौसेनं कुणी मेंढरं पाळत नाही. ह्या प्रश्नावर पाळकसाहेबांनी घड्याळ पाहिलं आणि उद्या येतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली. शंभरातलं एक हरवतं, तर मेंढपाळ नव्याण्णव रानात ठेवून त्या एकाला शोधायला जातो. त्यांना वाटलं असावं, धनगराला ही गोष्ट आवडेल. कोंडीबा ऐकूनच अस्वस्थ झाला. नव्याण्णवांपाशी कोण होतं, हे त्यानं तीनदा विचारलं. शास्त्रात कुणाचं नाव नाही म्हटल्यावर म्हणाला, मग त्याची बायको असणार. तिचंच नाव लिहायचं राहतं. माझी सुला पन्नास वर्षं हेच करती.

त्यानंतर बाग झाली. पहिला माणूस, पहिली बाई, मधोमध एक झाड, त्याचं फळ तेवढं खायचं नाही. कोंडीबानं विचारलं, झाडाभोवती काटं लावलं होतं का. नव्हतं. मग चूक कुणाची, असं त्यानं माझ्याकडं वळून विचारलं, जणू मी पंच होतो. कोवळं झाड उघडं ठेवायचं आणि शेरडाला सांगायचं की खाऊ नको, असं त्याच्या वाडीत वेडा म्हणून ठेवलेला माणूसही करत नाही. मी त्याच्या बाजूनं निकाल दिला. पाळकसाहेब म्हणाले, देवाला शेरडं नको होती, स्वतःहून न खाणारी माणसं हवी होती. मोकळीक दिली नाही तर प्रेमाला काय अर्थ. पाळकसाहेब गेल्यावर कोंडीबा मला म्हणाला, बोलतो मात्र गोड.

तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतःहून विषय काढला. लांडगा कुणाचा?

पाळकसाहेब म्हणाले, सगळं देवानंच केलं, आणि केलं तेव्हा सगळं चांगलंच होतं. मग वाईट आलं कुठून? तर सैतानापासून. आणि सैतान काही पहिल्यापासून सैतान नव्हता. तो देवदूत होता. सगळ्यांत देखणा, सगळ्यांत हुशार, देवाच्या अगदी जवळचा. त्याला स्वतःचाच गर्व झाला आणि तो फिरला.

कोंडीबा कोपरावर उठायला गेला, वजनाची दोरी ताणली आणि तो कळवळून परत आडवा झाला. म्हणाला, "म्हंजी भाईरनं आल्याला न्हवता?"

"नाही. घरातलाच होता."

"आन् देवाला कळलं तवा?"

पाळकसाहेबांनी सांगितलं, स्वर्गात लढाई झाली आणि देवानं त्याला खाली टाकून दिलं. खाली म्हणजे कुठं, असं कोंडीबानं विचारलं. पृथ्वीवर, असं उत्तर आलं.

"मारला का न्हाई?"

हा प्रश्न जुना आहे, पाळकसाहेब म्हणाले, मोठमोठ्या लोकांनी ह्यावर ग्रंथ लिहिलेत, मी उद्या नीट तयारी करून येतो. एरवी कोंडीबानं ह्यावर काहीतरी टोमणा मारला असता. त्या दिवशी त्यानं तोंड भिंतीकडं केलं. संध्याकाळी राणी डबा घेऊन आली तर ज्वारीची भाकरी तशीच ठेवली. राणीनं मला खुणेनं विचारलं. मी खांदे उडवले. साखरेनं असेल, ती म्हणाली.

चौथ्या दिवशी पाळकसाहेब खरोखरच तयारी करून आले. हातात जाडजूड पुस्तक, त्यात खुणेसाठी एसटीची तिकिटं घातलेली. खुर्चीवर बसून त्यांनी आम्हा दोघांना समजावलं. वाईट ही मुळात वस्तूच नाही. अंधार म्हणजे काय, तर उजेड नसणं. अंधार कुणी तयार करत नाही. तसंच वाईट म्हणजे चांगल्याचा अभाव. देवानं वाईट केलं नाही, कारण करण्यासारखं तिथं काही नाहीच.

मला हे आवडलं. सावलीचा रंग डबीत मिळत नाही, हे पोरांना सांगण्यात माझी तीस वर्षं गेली होती. मी तसं म्हणालोही. पाळकसाहेब खूश झाले.

कोंडीबा म्हणाला, "मग केरबाच्या मेंढरांची नरडी अभावानं फोडली व्हय?"

केरबा कोण, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. कोंडीबा छताकडं बघत राहिला, आणि मग त्यानं जे सांगितलं ते सगळं छतालाच सांगितलं.

नऊ वर्षांपूर्वी त्याच्याकडं एक कुत्रा होता. सुभेदार. वाडीतला एक माणूस फौजेतून सुट्टीवर आला होता, त्यानं पिल्लाची छाती बघून हे नाव ठेवलं. पिल्लाची आई वारली होती, म्हणून सुलाबाईनं त्याला मेंढीच्या दुधावर वाढवलं. पुढं असं कुत्रं झालं की मिरजेपासून जतपर्यंत धनगर त्याचं पिल्लू मागायचे. शीळ घालायची गरज नाही, नुसती मान हलवली की कळप वळवायचा. कोकरू मागं राहिलं तर त्याच्याजवळ बसून राहायचा. एकदा दोन लांडगे आले तर ह्यानं एकट्यानं पळवले, आणि कान फाटला तरी दुसऱ्या दिवशी कामावर हजर. त्याच्या भरवशावर कोंडीबा दिवसा झाडाखाली झोपायला लागला. धनगरानं दिवसा झोपायचं म्हणजे केवढी चैन, हे तुमाला कळायचं न्हाई, तो म्हणाला.

केरबा त्याचा मावसभाऊ, शेजारच्या वाडीतला. कोंडीबाची मेंढरं सगळी काळी, केरबाची माडग्याळी जातीची, पांढरी आणि त्यावर तांबडे डाग. एका पहाटे केरबाच्या वाघरीत, म्हणजे मेंढरांभोवती जाळं लावतात त्यात, मेंढरं मरून पडलेली सापडली. नरडी फोडलेली, खाल्लेलं फारसं काही नाही. सात गेली म्हणून बोभाटा झाला. लांडगा, सगळे म्हणाले. वन खात्याचा माणूस येऊन पंचनामा लिहून गेला.

त्याच सकाळी सुभेदार ओढ्याकडून आला तो ओला होऊन. कोंडीबानं त्याचा जबडा उघडून पाहिला. दाढेत पांढऱ्या-तांबड्या केसांचा झुबका अडकला होता.

"म्या काय केलं ठावं हाय?" कोंडीबा म्हणाला. "धोतराचा सोगा भिजवला आन् त्येचं तोंड पुसलं. सुलाला सांगितलं, साळिंदराच्या मागं लागला हुता."

आपल्या कळपाच्या वाटेला तो कधी गेला नाही. एक कान कधी चावला नाही. काळं मेंढरू त्याच्या अंगावर निजायचं. पण महिन्याभरानं आणखी एका वाडीत दोन मेंढ्या गेल्या. लोकांनी मेलेल्या मेंढीत औषध घालून ती ओढ्याकाठी ठेवली आणि त्यानं एक लांडगी मेली. सगळी वाडी बघायला गेली, तसा कोंडीबाही गेला. लांडगीच्या सडांना दूध होतं. केरबानं तिला काठीनं उलथी केली आणि शिव्या घातल्या, आणि कोंडीबानंही घातल्या, इतरांपेक्षा दोन जास्तच.

त्या दिवशी तो कुऱ्हाड घेऊन सुभेदाराकडं गेला. सुभेदारानं शेपूट हलवली. कोंडीबानं कुऱ्हाडीनं बाभळीची फांदी तोडली आणि शेरडांना घातली.

पुढच्या आठवड्यात त्यानं कुत्र्याला वडापच्या जीपमध्ये घातलं आणि अथणीच्या पलीकडं, कर्नाटकात, एका कालव्याशी नेऊन सोडलं. दूधभाकरी पुढं ठेवली. तो खात असताना हा परतीच्या गाडीत बसला. घरी सांगितलं, कुत्रं हरवलं. सुलाबाई दोन दिवस जेवली नाही.

पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं होतं.

"तुमी त्येला सैतान म्हना नायतर काय बी म्हना," कोंडीबा त्यांच्याकडं वळून म्हणाला. "तुमच्या देवानं मारला का न्हाई, ते मला ठावं हाय. वाढवल्यालं मारवत न्हाई. पर सायेब, आपल्या घरातनं काढायचा आन् दुसऱ्याच्यात न्हेऊन सोडायचा, हे काय बरं केलं न्हाई त्येनं. म्या बी न्हाई. अथणीच्या पलीकडं काय लोक न्हाईत? तेंच्याकडं मेंढरं न्हाईत?"

देवाला असं कुणी जातभाईसारखं झापताना मी प्रथमच पाहत होतो. पाळकसाहेब चिडतील असं मला वाटलं. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, परत घातला. म्हणाले, चाळीस वर्षं मी हे शिकवलं. खाली टाकला, असं म्हणताना खाली कोण राहतं, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. मग थोड्या वेळानं, जरा धंद्याचं बोलल्यासारखं, म्हणाले की तुम्ही आता कबूल केलंत, मन मोकळं केलंत, तर देव क्षमा करतो.

"देवाचं काय गेलं न्हवतं," कोंडीबा म्हणाला. "गेलं केरबाचं."

दोन दिवसांनी त्याची साखर उतरली, मांडीत सळई बसली. माझाही घोटा जोडून झाला. घरी जाताना तो मला म्हणाला, मास्तर, चालायला लागलो की फोन करतो, तुमी या. केरबाकडं एकट्यानं जायचा धीर नव्हता. पाळकसाहेबांनाही त्यानं बोलावलं होतं. त्यांचं ह्यात काय काम, असं मी विचारलं, तर म्हणाला, तेंच्याबी मालकाची भानगड हीच हाय, तेनला बघू दे.

तीन महिन्यांनी फोन आला. मी आणि पाळकसाहेब मिरजेहून जतच्या एसटीत बसलो, स्टँडवर राणी पिकअप घेऊन उभी होती. गाडी तीच चालवते, तानाजीपेक्षा बरी. पुढं तिच्याशेजारी कोंडीबा वॉकर मांडीवर घेऊन बसलेला. मागं आम्ही दोघं, आणि आमच्याबरोबर तीन काळ्या पाठी, म्हणजे न व्यालेल्या तरण्या मेंढ्या. केरबाच्या सातांची भरपाई तिनांत कशी होते, असं मी विचारलं. कोंडीबा म्हणाला, उरल्याली चार हळूहळू देईन. सुलाबाई दारातून बघत होती. तिला त्यानं आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं आणि ती त्याच्याशी बोलत नव्हती. मेंढरांसाठी नाही. कुत्रं सोडून आला म्हणून.

केरबाच्या अंगणात बाजेवर बसून कोंडीबानं एका दमात सगळं सांगितलं. तोंड पुसल्याचं, सोग्याचं, लांडगीला घातलेल्या शिव्यांचं. केरबा सत्तरीचा, हाडकुळा, तोंडात तंबाखू. ऐकताना त्याचा चेहरा हळूहळू असा होत गेला की मला वाटलं आता काठी उचलतो. त्यानं उठून बाहेर जाऊन थुंकलं, परत आला, आणि पहिल्यांदा पाळकसाहेबांकडं बोट दाखवून विचारलं, हे कोण, वन खात्याचे हायत का. नव्हेत म्हटल्यावर तो बसला.

"सात न्हवती," तो म्हणाला. "चार हुती."

उरलेली तीन त्यानं आदल्याच आठवड्यात जतच्या बाजारात विकली होती. पंचनाम्याला सांगितलं, लांडग्यानं ओढून नेली. तेवढीच जास्त भरपाई. वर महिन्याभरानं दुसऱ्या वाडीतल्या दोन मेल्या त्यांतली एक, त्याच्या माहितीप्रमाणं, पोट फुगून मेली होती. तीही लांडग्याच्याच नावावर गेली.

नऊ वर्षं कोंडीबानं सातांचा भार वाहिला होता, आणि त्यातली तीन कुणाच्या तरी रस्सा-भाकरीत कधीच संपली होती. पाळकसाहेबांना हसू आलं. त्यांनी ते दाबलं, मग दाबता येईना, मग ते अंगणातल्या शेवग्याला धरून इतके हसले की केरबाची सून पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. केरबाही हसायला लागला, पण कोंडीबा हसला नाही.

"आन् लांडगी?" तो म्हणाला.

केरबानं मान खाली घातली आणि पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. पाठी त्यानं घेतल्या नाहीत. एक तरी घे म्हटलं तरी नाही. बायकोला पंचनाम्याचं ठाऊक न्हाई, तो हळूच म्हणाला, दावणीला काळं मेंढरू दिसलं तर विचारंल कुठनं आलं. चहा झाला, भावाभावांनी एकमेकांचे गुडघे दाबले आणि आम्ही निघालो.

मला वाटलं आता घरी. राणीनं गाडी अथणीच्या रस्त्याला घातली. त्यांचं आधीच ठरलेलं होतं.

कालव्याशी पोचायला तासभर लागला. त्या बाजूला कानडी धनगरांची, कुरुबांची वस्ती आहे. कोंडीबाला कानडी येतं, त्याची आई तिकडचीच. वॉकर टेकत टेकत तो दोन घरी विचारून आला. तिसऱ्या घरी एक पन्नाशीचा माणूस मेंढरांचे खूर कापत बसला होता. फाटक्या कानाचं कुत्रं म्हटल्याबरोबर तो उठला आणि त्यानं आम्हाला घोंगडं अंथरून दिलं.

हो, कालव्याशी बसलेलं सापडलं. आठ दिवस काही खाईना. मग त्याच्या बायकोनं हातानं भरवलं. पाच वर्षं होतं, म्हातारं होऊन मेलं, त्या चिंचेखाली पुरलंय. असं कुत्रं परत होणे नाही. कोंडीबा हे ऐकून आम्हाला मराठीत सांगत होता. मग त्यानं एक प्रश्न कानडीत विचारला. त्या माणसानं खूर कापायची कात्री उघडली, मिटली. मग दोन शब्द बोलला.

"काय म्हणाला?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"म्हनतो, आमच्या मेंढरांस्नी कवा शिवला न्हाई."

दोघा धनगरांनी एकमेकांकडं पाहिलं. निघताना कोंडीबानं त्याला बाजूला घेऊन काहीतरी विचारलं, आणि त्यानं हातानं दोन शेतांपलीकडचं एक छप्पर दाखवलं.

त्या छपरात एक म्हातारा एकटाच राहत होता. ऐकायला कमी, दिसायला त्याहून कमी. पूर्वी त्याच्याकडं वीसेक मेंढरं होती, आता एक म्हैस. कोंडीबानं त्याला कानडीत मोठ्यानं, मग आणखी मोठ्यानं सांगितलं की हे तुझं नुकसान माझ्यामुळं झालं. म्हाताऱ्याला एवढंच कळलं की महाराष्ट्रातून कुणीतरी नवस फेडायला आलंय. राणीनं पिकअपमधून एक पाठ उतरवली, मग कोंडीबानं मानेनं खुणावल्यावर उरलेल्या दोन्ही. म्हाताऱ्यानं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, दात मोजले आणि आत जाऊन भंडाऱ्याची पिशवी घेऊन आला. आधी पाठींना लावला, मग कोंडीबाला, मग राणीला, मला. शेवटी पाळकसाहेबांपुढं उभा राहिला. मी बघत होतो ते काय करतात. त्यांनी चष्मा काढला आणि मान पुढं केली. म्हाताऱ्याला नीट दिसत नसल्यामुळं त्यानं मूठभर हळद कपाळापासून नाकापर्यंत फासली.

गाडी वळवताना कोंडीबानं मागं बघून त्यांना विचारलं, आता तुमचा देव रागवंल का. पाळकसाहेब म्हणाले, कालवा ओलांडून मेंढरं द्यायला आला असता तर त्याला बोलायचा अधिकार होता. मग स्वतःच दचकले, आणि म्हणाले की तसा तोही एकदा खाली आला होता, त्याचं काय झालं ते आमच्याकडं दर वर्षी सांगतात. कोंडीबानं विचारलं, काय झालं? पाळकसाहेबांनी सांगितलं, माणूस होऊन आला आणि लोकांनी त्याला क्रुसावर खिळला. मिरजेच्या वॉर्डात दहा दिवस काढूनही ही गोष्ट त्याच्या कानावर आली नव्हती. सगळी ऐकून तो म्हणाला, मग आसू दे, माफ केला.

राणीनं जतच्या अलीकडं चहाला गाडी थांबवली. कोंडीबानं बिनसाखरेचा मागितला आणि तोंड वाकडं करून पिला. पाळकसाहेब हॉटेलच्या आरशात स्वतःला बघून आले, पण तोंड धुतलं नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि चर्चमध्ये नवे पाळक रजेवर असल्यानं उपदेश त्यांना करायचा होता. विषय त्यांनी आठवड्याआधीच कळवून ठेवला होता, तो आता बदलावा लागेल असं ते म्हणाले. एसटीत बसल्यावर त्यांनी खिशातलं पेन काढलं, माझ्याकडून तिकीट मागून घेतलं आणि त्याच्या मागं बारीक अक्षरात काहीतरी लिहायला घेतलं. कवठेमहांकाळ येईपर्यंत तिकीट भरलं होतं.